औट्रम घाटातल्या दगडास अनावृत पत्र

प्रति,
मा. दगडसाहेब,
मुक्काम औट्रम घाट, कन्नड–चाळीसगाव रस्ता,
पांढऱ्या पट्ट्यापासून हातभर आत.

साष्टांग नमस्कार वि. वि.

आपली नेमणूक कोणत्या तारखेची, हे कोणत्याच दप्तरात सापडत नाही. हकिकत मात्र सगळ्यांना पाठ आहे. कांद्याने भरलेला ट्रक रात्री घाट चढत होता. वळणावर एक्सल तुटला, गाडी मागे सरकू लागली, क्लीनरने उडी मारली आणि कडेला निवांत पडलेल्या आपल्याला उचलून मागच्या चाकाखाली सारलं. त्या क्षणी आपण माणसं वाचवलीत, त्याबद्दल वाद नाही. मग आपले चार भाऊबंद गोळा करून ट्रकमागे ओळीने मांडले, वर घाणेरीची फांदी खोचली, झाली धोक्याची सूचना. पहाटे मिस्त्री आला. गाडी नीट झाली. ट्रक गेला, जॅक गेला, पाना गेला, फांदी वाऱ्याने गेली. आपण राहिलात. नोकरीत कायम व्हायला लोकांची उमर जाते, आपण एका रात्रीत कायम झालात.

ज्या साहेबाच्या नावाने हा घाट ओळखला जातो, तो जेम्स औट्रम खानदेशात भिल्लांची पलटण उभी करून निघून गेला. नाव त्याचं राहिलं, ताबा आपला.

ऑगस्ट 2023 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या घाटातून जड वाहनांना बंदी केली, तेव्हा आता आपली बदली होणार अशी आवई उठली होती. पण आपलं खातं काही एका घाटापुरतं नाही. उसाचा हंगाम लागला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यात बसतात. मागे दिवा नाही, परावर्तक नाही, आणि चाकाखाली पुन्हा आपणच. देवगाव रंगारीपासून पिशोरपर्यंत आपल्या शाखा आहेत. पगार नाही, महागाई भत्ता नाही, तरी चोवीस तास सेवा. सूचना देण्याची पद्धत तेवढी जरा निराळी : ती आधी टायरला कळते, मग माणसाला.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं आमचे वाडवडील म्हणत. ते पायी चालायचे. गाडीवर मागच्याला शहाणं व्हायला वेळच मिळत नाही, तो पुढच्यावर जाऊन आदळतो.

आता आपण ज्या कार्यक्रमाचे प्रमुख पाहुणे असता, त्याबद्दल बोलू. अंधार, पावसाची भुरभुर, समोरून येणाऱ्याचा दिवा थेट डोळ्यांवर, आणि मोटारसायकलचं पुढचं चाक आपल्यावर. गर्दी जमते आणि पाच मिनिटांत निकाल लागतो. माणूस वाचला तर ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’. गेला तर ‘तेवढंच आयुष्य होतं’. एवढ्या झटपट चालणारं न्यायालय जगात दुसरीकडे नसेल. त्यात आरोपी नसतो, साक्षीदार नसतो, फक्त नशीब असतं, आणि नशिबावर समन्स बजावता येत नाही. आपण तिथेच फुटभर अंतरावर बसलेले असता. कुणी आपल्याकडे बघत नाही. बघितलंच तर पायाने जरा सरकवतात, पुढच्या गाडीच्या वाटेत.

पुढची पायरी दवाखाना. सोबतचा अनुभवी माणूस कानात सांगतो, ‘पोलिसाचं लफडं नको, घरी पाय घसरला म्हण.’ तसं म्हटलं जातं आणि केसपेपरवर तसंच उतरतं. त्या एका ओळीने आपली निर्दोष सुटका होते. चार महिन्यांनी पायात सळई पडते, कर्ज होतं, मग कुणीतरी वकिलाकडे जायला सांगतं. वकील पहिल्यांदा तोच कागद मागतो, कारण समोरच्या विमा कंपनीचा वकीलही तोच मागणार असतो. ‘पाय घसरला’ या दोन शब्दांवर दावे कोसळतात, आणि ते शब्द आमचेच असतात.

आपल्याला कायद्याची भीती वाटायचं कारण नाही, पण ज्याने आपल्याला तिथे ठेवलं त्याच्यासाठी एक कलम आहे. सार्वजनिक रस्त्यात अडथळा किंवा धोका निर्माण करणाऱ्याला 1860 च्या दंडविधानात दोनशे रुपयांपर्यंत दंड होता. दीडशेहून अधिक वर्षं तो तेवढाच राहिला. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 285 ने तो पाच हजारांपर्यंत नेला. एवढ्या पैशांत दिवा लागलेला लाल त्रिकोण येतो, तोही गाडीत ठेवून पुन्हा वापरता येतो. पण त्रिकोण विकत घ्यावा लागतो, आणि आपण फुकट.

भरपाईचा कायदा तर आमच्या समजुतीपेक्षा बराच पुढे गेला आहे. सातारा जिल्ह्यात 1987 साली महामार्गावर पेट्रोलचा टँकर उलटला आणि काही तासांनी त्याचा स्फोट झाला. विमा कंपनी म्हणाली, गाडी तर चालू नव्हती, मग हा वाहनाच्या वापरातून झालेला अपघात कसा? सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये सांगितलं की बिघडून पडलेली गाडीही वापरातलीच धरायची. 2018 मध्ये आणखी एका खटल्यात, रात्री रस्त्याच्या मधोमध दिवे न लावता उभ्या केलेल्या गॅस टँकरवर मोटार आदळली होती. ‘मोटारवाल्यालाही दिसायला हवं होतं’ म्हणून निम्मा दोष त्याच्यावर टाकणारा उच्च न्यायालयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फिरवला आणि सगळा दोष टँकरवर ठेवला. आमच्या गर्दीने त्या रात्री काय ठरवलं असतं, हे आपल्याला ठाऊकच आहे.

आपल्याच जिल्ह्यातली एक जुनी गोष्ट सांगतो. तीत दगड नाही, टॉवेल आहे. जुलै 1963. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एका बाळंतिणीवर नसबंदीची शस्त्रक्रिया झाली. ती बरी होईना. पोट पुन्हा उघडलं तर आत टॉवेल निघाला. काही दिवसांत ती गेली. नवरा कोर्टात गेला. खालच्या न्यायालयाने छत्तीस हजार रुपये दिले. उच्च न्यायालयाने ते काढून घेतले, आणि त्या निकालात एक कारण असंही होतं की रुग्णालय चालवणं हे राज्याचं सार्वभौम काम आहे, म्हणून राज्य जबाबदार नाही. प्रकरण दिल्लीला गेलं आणि 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने छत्तीस हजारांचा हुकूम पुन्हा कायम केला. जवळपास तेहतीस वर्षं! त्या वेळी जन्मलेलं मूल तोवर तेहतिसाव्या वर्षात होतं. न्यायालयाने म्हटलं ते साधंच होतं : टॉवेल पोटात राहतो तेव्हा हलगर्जीपणा वेगळा सिद्ध करत बसावं लागत नाही, ती वस्तूच बोलते. टॉवेल स्वतःहून पोटात शिरत नाही. आणि साहेब, आपणही स्वतःहून पांढरा पट्टा ओलांडत नाही. 31 ऑगस्ट 2021 ला अतिवृष्टीने याच घाटात दरडी कोसळल्या, ते आपले थोरले भाऊबंद डोंगर सोडून आले होते. त्यांना निसर्ग म्हणू. आपल्या अंगाला मात्र हाताचा आणि ग्रीसचा वास आहे.

एका बाबतीत आपलं अभिनंदन करायला हवं. 13 ऑक्टोबर 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. संदेश पाटील यांनी निकाल दिला : खड्डा किंवा उघड्या मॅनहोलने माणूस मेला तर वारसांना सहा लाख, जखमी झाला तर जखमेच्या मानाने पन्नास हजार ते अडीच लाख, आणि ही रक्कम पुढे जबाबदार अधिकारी व कंत्राटदाराकडून वसूल करायची. पैसे खिशातून जाणार म्हटल्यावर साहेबलोकांची झोप उडायला हवी. आपली मात्र उडू नये, कारण त्या निकालात खड्डा आहे, मॅनहोल आहे, दगड नाही. आपण जमिनीच्या वर आहात, हाच आपला बचाव. काही वर्षांपासून मोटार वाहन कायद्यात 198-अ हे कलमही आहे : रस्ता निकषाप्रमाणे बांधला वा राखला नाही आणि त्यातून कुणी मेलं किंवा अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड. ते कलम कन्नडच्या चहाच्या टपरीवर कुणाला विचारून बघा, लोक तुम्हालाच वेडं म्हणतील. ज्यांच्यावर ते लागायचं त्यांना आनंदच आहे.

आम्हालाही सोडू नका. हेल्मेट हँडलला अडकवून घाट उतरणारे आम्हीच, आणि तिघं बसून पाऊस लागायच्या आत पोचू म्हणणारेही आम्हीच. पण हेल्मेट नसणं हा आपण रस्त्यात असण्याचा परवाना होत नाही, एवढं या पत्राच्या निमित्ताने नोंदवून ठेवतो.

आता आपल्या बढतीबद्दल. त्या वळणावर दुसरा-तिसरा माणूस गेला की कुणीतरी म्हणतं, जागा वाईट आहे. मग आपल्याला उचललं जातं, पण टाकलं जात नाही. दोन पावलं बाजूला मांडून शेंदूर फासतात, नारळ फोडतात. चाकाखालचा दगड, मग सूचनाफलक, मग अदृश्य आरोपी आणि शेवटी देव. चार पदं, एकाही पदासाठी मुलाखत नाही. देवावर फिर्याद करायची आमच्यात रीत नसल्याने प्रकरण तिथेच मिटतं. पुढच्या कांद्याच्या ट्रकला लागणारा दगड कडेला असतोच.

आणि जाता जाता एक : भरपाईच्या अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. 1994 मध्ये ती काढून टाकली होती, 1 एप्रिल 2022 पासून पुन्हा आली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर कुणी बसू नये. घरातलं माणूस गेलं की आमच्याकडे वर्षश्राद्धापर्यंत कुणी कागदाला हात लावत नाही. मुदत त्याच्या निम्म्यावर संपते.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
एमएच 20, दुचाकीस्वार

ता. क. दगडाला वाचता येत नाही, म्हणून ज्यांना येतं त्यांच्यासाठी. अपघात झाला तर दवाखान्यात जे घडलं तेच सांगा, पोलिसांत नोंद करा, दगडाचा आणि गाडीच्या नंबरचा फोटो काढा. दावा तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही लावता येतो, धुळ्याला वा जळगावला खेटे घालायची गरज नाही. आणि ड्रायव्हर-क्लीनर मंडळी, गाडी नीट झाली की स्टार्टर मारायच्या आधी खाली उतरा आणि साहेबांना उचलून नाल्यात टाका.