ब्लूबेरी पेरूची, पेरू दारचा

जिमच्या दारात हल्ली एकच वाद रंगतो. प्रोटीन शेकमध्ये बेरी ताजी घालावी की फ्रोझन? वजनं उचलून दमलेली माणसं या वादात मात्र दमत नाहीत.

आधी हिशेब करू. १०० ग्रॅम स्ट्रॉबेरीत प्रथिनं किती? पुरती एक ग्रॅमसुद्धा नाहीत. पावडरीच्या एका मापात साधारण २४ ग्रॅम, असं डबा सांगतो. तेवढी प्रथिनं स्ट्रॉबेरीतून हवी असतील तर एका बैठकीत साडेतीन किलो संपवावी लागेल.

म्हणजे शेकमध्ये बेरी येते ती चवीसाठी, रंगासाठी, चोथ्यासाठी आणि क जीवनसत्त्वासाठी. ही कामं लहान नाहीत. पण दंडाच्या बेटकुळीशी तिचा काही संबंध नाही.

आता ताजी की फ्रोझन. देशातली सुमारे ८५ टक्के स्ट्रॉबेरी महाबळेश्वर, पाचगणी, वाई या पट्ट्यात पिकते. सप्टेंबर-ऑक्टोबरात लागवड, नोव्हेंबरअखेर पहिली फळं, एप्रिलपर्यंत हंगाम. सातारा जिल्हा लाल झालेला असताना पुण्या-मुंबईत फ्रोझन पाकिटाला हात का लावायचा?

आणि ऐन जुलैत ‘ताजी’ म्हणून जी मिळते ती कुठली? विचारा एकदा दुकानदाराला.

स्ट्रॉबेरी आंब्यासारखी अढीत पिकत नाही. तोडली तेव्हा जेवढी गोड, तेवढीच गोड. तरीही लांबच्या बाजारासाठी ती देठाकडे पांढरी असतानाच खुडतात, कारण पिकलेलं फळ प्रवासात टिकत नाही. मग ती डबीतून गाडीत, गाडीतून दुकानात, दुकानातून आपल्या फ्रिजमध्ये. तिथं आणखी चार दिवस. चांगल्या कारखान्यात गोठवलं जाणारं फळ पूर्ण पिकल्यावर तोडलेलं असतं आणि लवकर गोठतं.

यातलं ताजं कोणतं?

उणे १८ अंशांवर क जीवनसत्त्व बरंचसं टिकतं. बिघडतो तो पोत. गोठताना फळातल्या पाण्याचे स्फटिक होतात, पेशींच्या भिंती फाटतात आणि वितळल्यावर हातात लगदा येतो. बशीत वाढायला तो वाईटच. पण मिक्सर तरी दुसरं काय करणार असतो?

शिवाय बर्फ वाचतो. ताज्या फळाच्या शेकला बर्फ लागतो, बर्फाचं पाणी होतं, शेक पांचट लागतो, मग साखर पडते. साखर पुरली नाही की कपाटातून क्रशची बाटली निघते. त्या बाटलीच्या मागची बारीक अक्षरं वाचा. बहुतेक वेळा पहिलं नाव साखरेचंच असतं.

फ्रोझनवाल्यांनीही लगेच टाळ्या पिटू नयेत. २०१२ साली जर्मनीच्या पूर्व भागात सुमारे ११ हजार जणांना उलट्या-जुलाबांनी घेरलं. बहुतेक शाळकरी मुलं होती. कारण निघालं चीनहून आलेल्या फ्रोझन स्ट्रॉबेरीतला नोरोव्हायरस. थंडीनं विषाणू मरत नाही, तो तग धरून राहतो. फळ धुतलं कुठल्या पाण्यानं आणि हाताळलं कोणत्या हातांनी, यावर सगळं अवलंबून असतं. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा आजारी माणूस असेल तर विकतच्या पाकिटातली बेरी उकळून, गार करून मगच वापरावी. पाच मिनिटांचं काम आहे.

आता केळं. शेक दाट व्हावा म्हणून ते आपण डोळे मिटून घालतो. गंमत अशी की वनस्पतिशास्त्र स्ट्रॉबेरीला बेरी मानत नाही, केळ्याला मानतं. आणि ही खरी बेरीच बाकीच्या बेरींच्या मुळावर येते.

केळं कापल्यावर काळं पडतं, ते पॉलिफेनॉल ऑक्सिडेज नावाच्या विकरामुळे. रीडिंग विद्यापीठ आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाची डेव्हिस शाखा इथल्या संशोधकांनी २०२३ साली या विकरावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. मोजक्याच माणसांवरचा, पण नेटका. बेरींमध्ये असणाऱ्या फ्लॅव्हनॉल या घटकाची नुसती कॅप्सूल घेतल्यावर ते जेवढं शरीरात दिसलं, त्याहून केळ्याच्या स्मूदीसोबत ८४ टक्के कमी दिसलं. मिश्र बेरींच्या स्मूदीसोबत अशी घट झाली नाही. केळं वाईट नाही. वेगळं खा.

आजी म्हणायची, दुधात आंबट फळ नको, विरुद्ध आहार. चरकसंहितेत तसं आहेच. पण पोटातल्या आम्लात दूध तसंही फाटतंच. ज्यांना मनात खुटखुट वाटते त्यांनी दही घ्यावं. दह्यात स्ट्रॉबेरी अधिक खुलते, हे माझं ठाम मत.

राहिली पावडर. २०२४ साली भारतीय बाजारातल्या अशा ३६ पावडरींचा तपास ‘मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सुमारे ७० टक्के डब्यांवरची प्रथिनांची माहिती चुकीची निघाली. काहींत बुरशीतून येणारं अफ्लाटॉक्सिन सापडलं. आपण फळाचा ताजेपणा बोटानं दाबून पाहतो आणि पावडरीवर डोळे मिटून विश्वास ठेवतो.

स्नायू वाढवण्यासाठी असल्या पावडरी टाळा, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं त्याच वर्षी सांगितलं. त्याच संस्थेच्या हिशेबानं निरोगी माणसाला किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. वजन ६० किलो असेल तर सुमारे ५० ग्रॅम. पेलाभर दुधात ८, मूठभर पंढरपुरी डाळ्यात ६, साय काढलेल्या दुधाच्या भुकटीच्या शिगोशीग भरलेल्या दोन मोठ्या चमच्यांत ७. झाले की २१! डाळं आधी कोरडंच बारीक दळा, म्हणजे दाताखाली येत नाही.

कोल्हापूरच्या तालमींत बदाम, खसखस, बडीशेप, मिरी वाटून थंडाई होते. तिथल्या गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध कट्ट्यावर उभ्यानं प्यायलं गेलं. त्या पैलवानांना शेक शिकवायला कुणी आलं नव्हतं.

आणि ब्लूबेरी? तिच्या निर्यातीत जगात पहिला नंबर पेरू देशाचा. मुठीएवढ्या डबीला आपण निमूट पैसे मोजतो. १०० ग्रॅम ब्लूबेरीत क जीवनसत्त्व सुमारे १० मिलिग्रॅम. आपल्या हातगाडीवरच्या पेरूत? २०० मिलिग्रॅमच्या वर.

पण ब्लूबेरीचा तो निळा-जांभळा रंग हवा, त्यातली अँथोसायनिन हवीत, असं म्हणाल. बरोबर आहे. मग जांभळात काय असतं? बदलापूरच्या आणि पालघरजवळच्या बहाडोलीच्या जांभळाला भौगोलिक मानांकन आहे. ते शेकमध्ये कोण घालतं? करवंदं डोंगरावरून टोपल्यांतून उतरतात, पानाच्या द्रोणात भरून स्टँडवर विकली जातात. त्यांचा शेक कोणत्या कॅफेच्या पाटीवर पाहिलात? घाटातल्या बाईशी दहा रुपयांसाठी घासाघीस करायची आणि मॉलमध्ये मात्र सांगितलेली किंमत मोजायची, याचा मला मनापासून राग येतो.

तेव्हा फ्रोझन हवंच असेल तर घरी करा. स्ट्रॉबेरीचा हंगाम भरात येऊन भाव उतरला की दोन किलो आणा. देठासकट धुवा, आधी देठ काढलात तर फळ पाणी पितं. पंचावर पसरून पूर्ण कोरडी करा, मग देठ खुडा. ताटात एकेक सुटी मांडून ताट रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि सकाळी पिशवीत भरून हवा काढा. एकदम पिशवीत कोंबलीत तर पावसाळ्यात लाल वीट निघेल आणि ती फोडायला बत्ता लागेल. एकदा वितळलेली परत गोठवू नका.

वापरताना मिक्सरच्या भांड्यात आधी दूध, मग डाळ्याचं पीठ, फळ सगळ्यात वर. पाच मिनिटं थांबून फिरवा. पात्यावर थेट दगडासारखं फळ पडलं तर मिक्सर ओरडतो.

स्ट्रॉबेरी संपते तेव्हा करवंदं येतात, त्यांच्या पाठोपाठ जूनमध्ये जांभळं. जांभळाच्या बिया आधी काढाव्या लागतात, गर मग वाटीवाटीनं गोठवायचा. किलोभर जांभळाला अर्धा तास लागतो. बोटं जांभळी होतात आणि दोन दिवस तशीच राहतात.