उभं लाकूड

आबा माणसाकडे आधी खालून वर बघतात, मग वरून खाली, आणि शेवटी कमरेभोवती. त्यात वाईट हेतू नसतो. जन्मभर झाडं मोजल्यामुळे समोर जे काही उभं असेल त्याचे घनफूट किती निघतील, हा हिशेब त्यांचे डोळे आपोआप करतात. वाडीत सत्काराला आलेल्या एका ऐसपैस पुढाऱ्याबद्दल 'घेर हाय, पन गाभा पोकळ निघंल' असा शेरा त्यांनी पहिल्या रांगेत बसून मारला होता. माईक चालू होता.

असे आबा पन्हाळा तालुक्यात एकच आहेत असं समजू नका. गडाच्या उतारावर, मसाई पठाराच्या पायथ्याला, खाली कासारीच्या खोऱ्यात, वाडीला एक तरी सापडतो. मी त्यांतल्या तिघाचौघांना इथे एकाच पैरणीत कोंबलं आहे. कुठे उसवली असेल तर दोष शिंप्याचा.

यांची जमीन दोन तुकड्यांत असते. खाली पाण्याजवळ ऊस आणि भात, वर डोंगराला वरकस रान. खालचं मुलगा बघतो, वरचं आबा. ऊस लावला, तुटला, कारखान्याला गेला, बिल आलं, हा सगळा प्रकार आबांना उथळ वाटतो. "वर्साला तुटतंय ते काय पीक म्हनायचं? गवत हाय ते," असं ते म्हणतात. वनस्पतिशास्त्र या बाबतीत आबांच्या बाजूचं आहे, त्यामुळे वाद घालता येत नाही. घर मात्र त्या गवतावरच चालतं.

वरच्या रानात जांभ्या दगडाच्या फटींतून मुळं घालून उभे असलेले ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा, बांधाला फणस आणि आंबे. आजोबांच्या वेळचे काही, काही आपोआप आलेले. आबांच्या खिशात शिंप्याची टेप असते. झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साडेचार फुटांवर, घ्यायचा असतो हे त्यांना ठाऊक आहे. पण आबा आकडा धरत नाहीत, छाती धरतात. आणि वयाप्रमाणे आबा वाकत चालल्यामुळे टेप दरवर्षी थोडी खाली येते, बुंधा खाली जाड असतो, आणि झाडं जोमानं वाढताहेत असं वहीत दिसतं. ही वही रोकीर्दीच्या लाल कापडात असते. तिच्यात पैसा आल्याची नोंद एकही नाही.

व्यापारी दरवर्षी दिवाळीनंतर येतो. येतो म्हणजे आपल्या पायांनी येतो, आबा बोलावत नाहीत. चहा होतो, रान फिरून होतं, आणि दरवेळी त्याच ऐनापाशी गाडी अडते. आठ फूट घेर, दहा फूट सरळ सोट. व्यापाऱ्याची रीत जुनी: घेराचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, लांबीनं गुणायचं. आठाचा चौथा हिस्सा दोन, दोनाचा वर्ग चार, दहाने गुणून चाळीस घनफूट. आबांनी नातवाच्या भूमितीच्या पुस्तकावरून गोल खांबाचं घनफळ काढून ठेवलेलं असतं. ते येतं जवळजवळ एक्कावन्न.

"शेठ, अकरा घनफूट कुटं गेलं?"

"आबा, साल गेली, कापताना भुसा गेला. सगळीकडं ह्येच माप चालतंय."

"भुसा माज्या झाडाचा न्हवं? त्याचंबी पैसं."

खरं सांगायचं तर इथे आबांचा मुद्दा बिनतोड आहे. चौथ्या हिश्श्याच्या या मापात गोल लाकडातलं एकवीस-साडेएकवीस टक्के लाकूड हिशेबातून उतरतं. इंग्लंडात एडवर्ड हॉपस नावाच्या गृहस्थानं अठराव्या शतकात याची कोष्टकं छापली आणि ती साहेबाबरोबर जगभर गेली. पण आबांना ते एकवीस टक्के मिळवायचे नसतात. ते मिळाले तर सौदा होईल ना! एका वर्षी व्यापारी वैतागून म्हणाला, "बरं आबा, एक्कावन्न धरा." आबा क्षणभर गडबडले. मग म्हणाले, "ह्या वर्साला एक्कावन्न. म्होरल्या वर्साला त्रेपन्न हुतंय. आज तोडलं तर माजी दोन घनफुटं बुडाली की!"

झाड नेमकं कधी तोडावं, या प्रश्नावर १८४९ मध्ये मार्टिन फाउस्टमान या जर्मन वनाधिकाऱ्यानं एक सूत्र मांडलं आणि वनशास्त्रातले अर्थतज्ज्ञ अजून त्यावर डोकी शिणवतात. वाढीचा वेग, व्याजाचा दर, जमीन अडकून पडण्याची किंमत, सगळं त्यात येतं. आबांच्या सूत्रात व्याज येत नाही, त्यामुळे उत्तर सुटसुटीत आहे: पुढच्या वर्षी.

हे सगळं एकीकडे, आणि दुसरीकडे चावडीवर बसून "सरकार तोडू देत न्हाई" म्हणून गेली चाळीस वर्षं तक्रार. त्यासाठी त्यांनी १९६४ चा महाराष्ट्राचा वृक्षतोडीचा कायदा पाठ केला आहे. मालकीच्या रानातलीसुद्धा जी झाडं परवानगीशिवाय तोडता येत नाहीत त्यांची यादी त्याला जोडलेली आहे. आबा ती आरतीच्या चालीवर म्हणतात: हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ. आणि शेवटी खारफुटी. समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांवर खारफुटी कोण तोडायला बसलंय, पण यादी अर्धी सोडणं आबांच्या स्वभावात नाही.

गव्यांनी खालचा ऊस तुडवला त्या साली पंचनाम्याला वनखात्याचा एक तरुण कर्मचारी आला होता. आबांनी त्याला चहाबरोबर पूर्ण यादी ऐकवली. तो सरळ मनाचा होता. म्हणाला, "आजोबा, मग अर्ज द्या की. सात-बारा, आठ-अ, नकाशा जोडा. आम्ही येऊन बघतो, झाडांवर शिक्का मारतो, वाहतुकीचा पास होतो. तोडल्यावर बदली झाडं लावायची, एवढंच."

म्हणजे चाळीस वर्षांत अर्जच नव्हता. आबांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवसापासून अडचणी शोधायला सुरुवात झाली, आणि शोधणाऱ्याला देव देतो. सात-बारावर मुंबईच्या चुलतभावाचं नाव सामाईक, त्याची सही पाहिजे. बांधावरचा फणस आपला की शेजाऱ्याचा, हे मोजणीशिवाय ठरणार नाही. शेजाऱ्याची एरवी तक्रार असते की फणसाच्या सावलीनं त्याचा भात मरतो, तेव्हा झाड आबांचं असतं. फणस पिकला की ते दोघांचं होतं. मोजणीची फी भरायची तर आधी आपसांत बोलणं हवं, आणि बोलणं बंद आहे ते फणसावरूनच.

म्हातारी यात पडत नाही. उन्हाळ्यात ती याच रानातली करवंदं आणि जांभळं पाटीत घालून गडावर तीन दरवाजाकडे पर्यटकांना विकते, वाळकी लाकडं चुलीला आणते, हिरडे गोळा करते. रानाचं वर्षाचं खरं उत्पन्न तेवढंच. आबा त्याला 'किरकोळ' म्हणतात आणि तिच्याकडून तंबाखूला पैसे घेतात.

आबा नुसते राखणदार आहेत असं मात्र नाही, ते लावतातही. महाराष्ट्रात ज्या ज्या वर्षी जे जे झाड शेतकऱ्याला लखपती करणार होतं, ते आबांच्या रानात एकदा येऊन गेलं आहे. ऐंशीच्या दशकात सामाजिक वनीकरणाच्या लाटेत सुबाभूळ आली. शेळ्यांनी खाल्ली, तरी बी पडून अशी माजली की आबा तिला पाहुणी न म्हणता घरजावई म्हणू लागले. मग निलगिरी. नव्वदच्या दशकात साग: वर्तमानपत्रांत जाहिरातीच जाहिराती, वीस वर्षांत एवढे लाख. आबांनी रोपं आणून जांभ्यावर लावली. साग मुळं खोल घालायला जमीन मागतो आणि जांभ्याचा खडक त्याला वीतभरावर 'बास' म्हणतो. जी काही काठ्यांएवढी उभी राहिली त्यांवर गवे पाठ घासतात. २००३ च्या सुमारास मोगली एरंड, म्हणजे जेट्रोफा. त्याच्या तेलावर गाड्या धावणार होत्या. आबांच्याकडे आता त्याचं कुंपण आहे. जनावर तोंड लावत नाही, हा त्यातला एकमेव खरा ठरलेला गुण. नात झाली तेव्हा सरकारच्या कन्या वन समृद्धी योजनेची दहा रोपं आली: पाच साग, दोन आंबे, फणस, जांभूळ, चिंच. पोरीच्या शिक्षणाला आणि लग्नाला उपयोगी पडावीत अशी कल्पना. आबांनी पोरीला पाळण्यातच बजावलं, "लगीन साधं करायचं."

बांबूवर मात्र त्यांचा राग आहे. २०१७ पर्यंत बांबू कायद्यानं झाड होता. त्या नोव्हेंबरात वटहुकूम निघाला आणि वनाबाहेर लावलेला बांबू झाडाच्या व्याख्येतून बाहेर पडला, आता तोडायला परवाना नको. "काल झाड हुता, आज न्हाई. असल्याचा इस्वास काय धरायचा?" असं आबा विचारतात. ज्याला तोडायला अडचण नाही अशा पिकात आबांचा जीव रमत नाही, हे खरं कारण.

गडावर रामचंद्रपंत अमात्यांची समाधी आहे. त्यांच्या १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाबद्दल मजकूर आहे: साग वगैरे हुजुरांच्या परवानगीनं तोडावा, आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, जीर्ण झालेलं एखादं झाड घ्यायचंच तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन. आबांनी हे गडावरच्या एका व्याख्यानात ऐकलं आणि त्यातलं शेवटचं कलम तेवढं उचललं. पुढच्या दिवाळीला व्यापाऱ्यानं दर वाढवला, माप वाढवलं, वाहतूक स्वतःकडे घेतली.

"आता तरी द्या, आबा."

"अमात्यांनी काय लिवलंय? मालक राजी पायजे. मी कुटं झालोय?"

२०२५ च्या जुलैमध्ये पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत आपला गड आला म्हणून वाडीत साखर वाटली. आबांनी त्याच आठवड्यात ऐनाचा भाव वाढवला.

आणि परवा एक तरुण आला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. कार्बन क्रेडिटवाला. झाड हवेतला कार्बन धरून ठेवतं, त्याचे परदेशी कंपन्या पैसे देतात, आणि तेही झाड न तोडता, हे त्यानं ओसरीवर बसून समजावलं. आबा सावरून बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या धंद्याला गिऱ्हाईक आलं होतं. लाल कापडातली वही बाहेर निघाली, ऐन, किंजळ, घेरासकट.

पोरानं वही चाळली आणि अवघडून म्हणाला, "आजोबा, ही झाडं धरत नाहीत. ही आधीपासून उभी आहेत ना. नवीन लावलेल्यांचेच पैसे मिळतात."

"म्हंजे ही तोडायची, मग नवी लावायची, मग पैसं?"

"नाही नाही. रान तोडून लगेच लावलेलं चालत नाही. आधीच्या दहा वर्षांत तिथलं रान साफ केलेलं नसावं लागतं."

"म्हंजे ज्यानं धा वर्सांमागं तोडून खाल्लं, त्यो पास. आनि आमी ठेवलं, आमी नापास."

पोरगा गप्प झाला. आबांनी वही परत घेतली, बराच वेळ बोटं मोडून काहीतरी मोजलं, मग म्हातारीला आणखी एक चहा टाकायला सांगितला. "पोरा, तुज्या सायबाला इचार. नव्याचं पैसं नव्या लावनाऱ्याला दे म्हनावं, माजी ना न्हाई. पन आमच्या आज्यापास्नं न तोडल्याचं मागचं बिल हाय, ते कुनाच्या नावानं काढू?"