पाणथळीवर फोटो कसे काढावेत : होतकरूंसाठी (आणि दाजींसाठी) नियमावली

गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात, त्या नांदूरमध्यमेश्वरला, म्हणजे महाराष्ट्रातल्या पहिल्या रामसर स्थळी, हिवाळ्यात कॅमेरा घेऊन जाणाऱ्या सर्वांस हे नियम लागू आहेत. आमच्या दाजींना जरा जास्त लागू आहेत.

नियम १. कपडे झाडोऱ्यात मिसळणारे असावेत. रिंगटोन मिसळत नाही. भजनाची असली तरी.

नियम २. लेन्स सहाशेची घ्यावी. तिने पक्षी मोठा दिसतो, घेणाराही. किंमत ताईला निम्मी सांगावी.

नियम ३. उजाडता पोचावं आणि सूर्याकडे पाठ करावी. दाजी वाटेत मिसळ खाऊन साडेनऊला उगवतात आणि पाण्यावरच्या चकाकीसाठी कॅमेरा कंपनीला बोल लावतात.

नियम ४. ‘काल इथंच होता’ असं गाइड म्हणाला की मान डोलवावी. वाद घालू नये.

नियम ५. कमळपक्ष्याची लांब शेपटी विणीच्या हंगामापुरती. हिवाळ्यात ती नसते. ‘हा तो नव्हेच’ असं मनोऱ्यावरून ओरडू नये.

नियम ६. उडता फोटो हवा म्हणून टाळ्या वाजवून थवा उठवू नये. हिमालय ओलांडून आलेल्या बदकाला असं उठवणं म्हणजे पंगतीत बसलेल्याला फोटोसाठी पानावरून उठवणं. फारच हौस असेल तर कवड्या धीवर शोधावा. तो पाण्यावर, हवेत एका जागी फडफडत थांबतो. शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर ठेवावं आणि त्याने सूर मारायच्या आत बोट दाबावं. दाजी नेमके तेव्हा थर्मासचं झाकण फिरवत असतात.

नियम ७. कीटक. इथे नाइलाजाने दाजींबद्दल बरं बोलावं लागतं. चतुर उडाला तर मागे धावू नये. बहुतेकदा तो त्याच काडीवर परत येतो. आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नये. कॅमेऱ्याची पाठ पंखांना समांतर धरली की अख्खा चतुर रेखीव येतो. पंख मिटून बसलेली नाजूक बाई दिसली तर ती बहुधा टाचणी. भर उन्हात काही चतुर शेपटी थेट सूर्याकडे उभी करतात, अंगावर ऊन कमी पडावं म्हणून. हे सगळं मला दाजींनी शिकवलं, चिखलात पालथं पडून, कुजबुजत. घरी गुडघ्याचं कारण सांगून पाण्याचा तांब्या न उचलणारा हाच तो माणूस.

नियम ८. एकाच तुतवाराचे सगळे फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नयेत. एक टाकावा, खाली नाव लिहावं. ‘छान पक्षी’ हे नाव नव्हे.

नियम ९. रविवारी पाचला निघायचंय, दाजी. पाच म्हणजे पाच. मिसळ येताना खाऊ, पैसे मी देईन.