कोठार राहील, गावाचं बघू

लंडनच्या पश्चिमेला हार्मंड्सवर्थ गावात 1426-27 मध्ये बांधलेलं धान्याचं कोठार आहे. लांबी जवळजवळ 60 मीटर, सांगाडा ओकचा आणि तोही बहुतेक मूळचाच. कवी जॉन बेटजमन त्याला मिडलसेक्स परगण्याचं कॅथीड्रल म्हणत.

2006 मध्ये हे कॅथीड्रल विकलं गेलं एका पौंडाला, जिब्राल्टरच्या एका कंपनीला. शेजारच्या हीथ्रो विमानतळावर एवढ्यात धड सँडविचही मिळत नाही. कंपनीने वारसा इतका जपला, की दुरुस्तीसाठीही त्याला हात लावला नाही. शेवटी इंग्लिश हेरिटेज या वारसा जपणाऱ्या संस्थेने सुमारे 20,000 पौंड मोजून ते सोडवलं. काहीच न करण्यावर इतका परतावा! आमच्याकडच्या पडक्या वाड्यांच्या मालकांना हे न कळलेलंच बरं.

पुढे डागडुजी झाली. आता गावातलेच स्वयंसेवक उन्हाळ्यात काही रविवारी दार उघडतात, तेही फुकट. सगळं छान. फक्त हीथ्रोच्या तिसऱ्या धावपट्टीच्या 2018च्या आराखड्यात कोठार हद्दीबाहेर वाचतं आणि गावातली बरीच घरं आत सापडतात. म्हणजे लोकांसाठी वास्तू तयार आहे, लोक तेवढे हलवायचे आहेत.