माळ्यावरची शिराझ

चाळिशी उलटली की एखादा खर्चिक छंद लावून घ्यायचा, असा आमच्या बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीचा अलिखित नियम आहे. कुणी सायकल घेतं, कुणी कॅमेरा. सायकलीला दम लागतो, कॅमेऱ्यासाठी पहाटे उठावं लागतं. वाइन मुरवायची तर काहीच करावं लागत नाही. बाटली आडवी ठेवायची आणि वाट पाहायची. काही न करता जाणकार ठरण्याची ही सोय मला फार आवडली.

भांडवल पुरवलं मेहुण्यानं. तो ॲडलेडला असतो. 2019 साली येताना त्यानं ऑस्ट्रेलियन शिराझच्या दोन बाटल्या आणल्या: बरोसा व्हॅलीची 2012 ची आणि हंटर व्हॅलीची 2014 ची. देताना म्हणाला, "दाजी, उघडायची घाई नको. सावकाश मुरू द्या."

त्या दिवसापासून ऑफिसातल्या कॅन्टीनमध्ये माझ्या शेजारी बसायला लोक बिचकू लागले. द्राक्ष एकच, पण प्रदेश बदलला की त्याचं म्हातारपण कसं बदलतं, हे मी सांबारात इडली बुडवणाऱ्यांना समजावत असे. बरोसा उष्ण आणि कोरडी. तिथली द्राक्षं भरपूर पिकतात आणि वाइन दाट, काळसर होते. जुनी झाली की चॉकलेट आणि सुक्या फळांकडे झुकते. सिडनीच्या उत्तरेकडची हंटर उष्णच, पण ऐन तोडणीत तिथं पाऊस गाठतो. तिची शिराझ अंगानं हलकी, जरा मातकट. तरुणपणी दुबळी वाटते, पण साल चांगलं असेल तर दशकानुदशकं टिकते आणि तिला कातड्यासारखा वास येतो. शिवाय साल! 2011 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात इतका पाऊस झाला की बरोसात द्राक्षांना बुरशी लागली. नुसतं बरोसा हे नाव वाचून त्या सालची बाटली वीस वर्षांसाठी ठेवणं धोक्याचं. उलट हंटरचं 2014 साल कोरडं गेलं आणि गाजलं.

मॅक्स शुबर्टची गोष्ट तर मी टीम मीटिंगमध्येही सांगितली. त्यानं 1951 मध्ये पेनफोल्ड्स या ऑस्ट्रेलियन वाइन कंपनीची 'ग्रेंज' ही शिराझ करायला घेतली. कोवळी वाइन चाखून लोकांनी नाकं मुरडली आणि 1957 मध्ये वरिष्ठांनी काम थांबवायला सांगितलं. हा पठ्ठ्या गुपचूप करतच राहिला. पुढे जुन्या बाटल्या मुरल्या, वरिष्ठांचं मत फिरलं आणि 1960 मध्ये परवानगी परत मिळाली. आमच्या टीममधल्या एकानं ही गोष्ट मनावर घेतली आणि मी रद्द केलेलं मॉड्यूल तो गुपचूप लिहीत राहिला. त्याची कथा मात्र ग्रेंजच्या वळणावर गेली नाही.

मी एक्सेल शीटही केली होती. प्रदेश, साल, कॉर्क की स्क्रू कॅप, उघडण्याचं वर्ष असे सगळे रकाने होते. बाटली कुठे ठेवली आहे, हा रकाना नव्हता. ती न्हाणीघरावरच्या माळ्यावर होती. अंधार आहे, आडवी ठेवता येते, मुलांचा हात पोचत नाही. आणखी काय हवं? वर गच्चीचा स्लॅब आणि शेजारी गीझर, या गोष्टी मला गौण वाटल्या. वाइनला बारा-चौदा अंश मानवतात. 2024 च्या एप्रिलात बंगळूरचा पारा 38 वर गेला. सगळं शहर पाण्याच्या टँकरमागे धावत होतं आणि मी शीटमध्ये बरोसाच्या रांगेला हिरवा रंग देत होतो.

जूनमध्ये मी समारंभपूर्वक उद्घाटन ठेवलं. खरड छाटणी उरकून दिंडोरीहून सासरेही आले होते. ते द्राक्ष बागायतदार आणि माळकरी. म्हणजे द्राक्षातलं सगळं कळतं आणि वाइन चालत नाही. बाटल्या खाली काढल्या तर बरोसाचं बूच वर सरकलेलं आणि गणपतीच्या मखरावर जांभळा ओघळ. ग्लासात उकडलेल्या मनुकांचा वास आला. हंटरची स्क्रू कॅप गळली नव्हती, पण चव निमूट होती. मी म्हणालो, "हेच तिचं प्रादेशिक वैशिष्ट्य." पाहुण्यांनी माना डोलावल्या आणि फ्रिजमधली बियर मागितली.

मी 2012 च्या हवामानाकडे वळणार तोच सासरे म्हणाले, "जावईबापू, अवकाळी झाला तर साल जातं, हे आम्हाला शिकवू नका. पण आमचा माल तोडला की काही तासांत प्री-कूलिंगला जातो. तुम्ही गीझरशेजारी ठेवला आणि दोष ऑस्ट्रेलियाच्या पावसाला?"

त्यांचं म्हणणं रसायनशास्त्राला धरून होतं. वाइन मुरते म्हणजे तिच्यातलं टॅनिन आणि रंगद्रव्यं सावकाश एकमेकांना धरतात आणि तुरटपणा मवाळ होतो. उष्णतेनं हीच क्रिया धावत सुटते आणि वाइन नीट मुरण्याआधीच फळाचा ताजेपणा उडून जातो. प्रदेश आणि साल बाटलीला किती आयुष्य देतात ते ऑस्ट्रेलियात ठरतं. त्यातलं किती तिच्या वाट्याला येतं ते आपल्या घरात.

29 डिसेंबर 2022 पासून लागू झालेल्या भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारानं पाच अमेरिकी डॉलरवरच्या ऑस्ट्रेलियन बाटल्यांवरचं 150 टक्के आयातशुल्क कमी झालं आहे आणि पुढेही टप्प्याटप्प्यानं उतरणार आहे. तेव्हा हा छंद तुमच्याही दारी येईल. थंड कपाट असेल तर बरोसा-हंटरच्या चांगल्या सालाची बाटली जरूर ठेवा. नसेल तर नाशिकची किंवा इथून जवळच्या नंदी हिल्सची ताजी शिराझ आणा, तासभर फ्रिजमध्ये ठेवा आणि त्याच आठवड्यात संपवा.