मायेचा गंज

स्पेअर इंजिन बाळगणाऱ्या माणसाची एक पक्की समजूत असते, की गंज बाहेरून येतो. म्हणून तो इंजिनावर निळी ताडपत्री टाकतो, दोरी आवळतो आणि कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसाला आव्हान देतो. माझं म्हणणं असं, की यात पाऊस बराचसा निर्दोष आहे. असं इंजिन मरतं ते बहुधा मालकाच्या मायेनं. लोखंड गंजायला धारा कोसळाव्या लागत नाहीत. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की त्याचं भागतं, आणि किनाऱ्यावर खारा वारा मदतीला असतोच. ताडपत्री वरून येणारं पाणी अडवते खरी, पण जमिनीची ओल खालून शिरते, आत कोंडते आणि पहाटे गार लोखंडावर तिचं दव धरतं. मालक निर्धास्त झोपतो तो याच वेळी.

यावर अनुभवी मंडळी म्हणतात, ‘दर रविवारी पाच मिनिटं चालू करावं, म्हणजे इंजिन जिवंत राहतं.’ पण १ लिटर पेट्रोल जळलं की सुमारे १ लिटर पाणी तयार होतं. गरम इंजिन ते वाफेच्या रूपात बाहेर टाकतं. पाच मिनिटांत जेमतेम कोमट झालेलं इंजिन त्यातलं काही पोटात ठेवतं. ते ऑइलमध्ये उतरतं आणि तिथल्या आम्लांशी संगनमत करतं. ‘मग चालू न करता नुसतं हातानं फिरवावं,’ असा मध्यममार्गी सल्ला येतो. त्यानं पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवरचा उरलासुरला तेलाचा थर खरवडून काढतात. विमानाची इंजिनं बनवणारी लायकमिंग कंपनीही उभ्या विमानाचा पंखा असा हातानं फिरवू नका आणि उड्डाणाऐवजी जमिनीवरच इंजिन चालवून समाधान मानू नका, असं सांगते. विमानवाल्यांना रविवारची हौस परवडत नाही.

खरी रीत लोणच्याची आहे: तेल वर येईल इतकं घालावं, तोंड घट्ट बांधावं आणि ओला चमचा लावू नये. मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी जुनं ऑइल काढून नवं भरावं. प्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडून इंजिन फिरवावं, ते एकदाच. मग कार्बोरेटरचं तोंड, सायलेन्सरची वाट, सगळं बंद करावं. कारण चार सिलिंडरचं इंजिन कुठेही थांबलं तरी त्याचा एखादा व्हॉल्व्ह उघडाच असतो. उघड्या लोखंडाला ग्रीस फासून इंजिन घट्ट बंद पिशवीत घालून लाकडी फळ्यांवर ठेवावं आणि विसरून जावं.

‘विसरायचंच, तर ठेवायचं कशाला?’ हा आक्षेप रास्त वाटतो. पण स्पेअर वस्तूचा सगळा गुण गरज पडेपर्यंत विसरता येण्यातच आहे. रोज आठवण करून देते ती वस्तू नव्हे, जबाबदारी. तरीही ज्यांचे हात शिवशिवतात, त्यांनी इंजिनाच्या पिशवीत सिलिका जेलचे निळे दाणे ठेवावेत. ओल शोषून ते गुलाबी झाले की तापवून पुन्हा निळे करावेत. फक्त स्वयंपाकाच्या कढईत तापवू नयेत: एक तर ते दाणे विषारी, आणि दुसरं म्हणजे इंजिन वाचेल, पण संसाराला स्पेअर मिळत नाही.