प्रमाणवाले काका

होळीची राख निवते न निवते तोच निर्मळात गच्च्या लाल व्हायला लागतात. जुन्या लुगड्यांवर, चटयांवर, लग्नात आहेर म्हणून आलेल्या आणि कधीच न वापरलेल्या चादरींवर मिरच्या पसरतात. या दिवसांत आळीतून जाताना कोणी शिंकला, तर ‘सर्दी झाली का?’ असं त्याला कोणी विचारत नाही. ‘आज कोणाकडे भाजतायत?’ असं विचारतात. आणि याच सुमारास पडवीत चष्मा कपाळावर, वही मांडीवर आणि पेन्सिल कानावर अशा थाटात एक गृहस्थ दिसू लागतात. त्यांचं नाव सांगून उपयोग नाही, कारण ते एकटे नाहीत. आळीगणिक एक आहे. आपण त्यांना प्रमाणवाले काका म्हणू.

प्रमाणवाले काका जन्मतः असे नसतात. पस्तीस वर्षं ते पहाटे निर्मळहून बसने नालासोपाऱ्याला आणि तिथून लोकलने चर्चगेटला जात. घरात मसाला होतो, हे त्यांना रविवारच्या मटणावरून कळे, तेवढंच. निवृत्तीनंतरचा पहिला उन्हाळा घरी काढला आणि त्यांना धक्काच बसला. ही बाई, म्हणजे काकू, दरसाल सहा-सात किलो मसाला करते आणि त्याची कुठे नोंद नाही! ना आवक-जावक, ना व्हाउचर. जन्म ऑडिटमध्ये गेलेल्या माणसाला हे बघून झोप लागणं शक्यच नव्हतं.

त्या रात्री वही उघडली गेली. तिच्या पहिल्या पानावर ‘मु. पो. निर्मळ, ता. वसई, जि. ठाणे’ असं आहे. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा झाला, वही त्याआधीची. मुलाने एकदा ‘ठाणे’ खोडायला पेन उचललं, तर काकांनी त्याचा हात धरला. सही झालेल्या कागदात खाडाखोड चालत नाही.

दुसऱ्या पानापासून खरं काम सुरू होतं. काकूंनी तोंडी सांगायचं आणि काकांनी लिहायचं, असं ठरलं.

“धने किती?”

“चांगले पसाभर, वर दोन मुठी.”

“मूठ म्हणजे किती?”

काकूंनी मूठ दाखवली. काका उठले, नव्या काट्याचं खोकं फोडलं, काकूंना त्यावर मूठ रिकामी करायला लावली. 38 ग्रॅम. खात्रीसाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतली. 44 ग्रॅम. तिसऱ्या दिवशी काकू भांडी घासून आल्या होत्या, हात ओले होते. 51. काकांनी वहीत तीन आकडे लिहिले, बेरीज केली, तिनाने भागलं आणि पुढे लाल शाईत लिहिलं, ‘मूठ प्रमाणित नाही.’ काकूंनी ते वाचलं. त्या दिवशी आमटीत मीठही प्रमाणित नव्हतं.

भाजणीचंही तसंच. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण धन्याला जितका वेळ लागतो तितक्यात जिरं जळून कोळसा होतं, आणि खसखस तर नजर चुकली की गेलीच. हळकुंड तेलात तळून फुलवायचं. मिरचीला कडक ऊन हवं. हे सगळं काकूंना नाकाने कळतं. वास सुटला की कढई खाली. काका मोबाइलवर घड्याळ लावून बसले आणि लिहिलं, ‘धने, 4 मिनिटं 20 सेकंद.’ काकूंनी विचारलं, “गॅस मोठा होता की बारीक?” काकांनी वर पाहिलं. “तो खिडकीच्या वाऱ्याने हलत होता,” काकूच म्हणाल्या, आणि निघून गेल्या. ती नोंद अजून शेऱ्याविना पडून आहे.

मिरची आणायला मात्र काका स्वतः जातात. नालासोपाऱ्यात मिरची मिळते, वसईत मिळते, आगाशीच्या वाटेवर मिळते. पण काकांना लालबागच लागतं. बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला आणि काश्मिरी दोघींचं भांडण मिटवायला, असा त्यांचा सिद्धान्त आहे. बेडगी हे कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातलं गाव आहे आणि तिथल्या मिरचीला 2011 साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे ते दुकानदाराला सांगतात. दुकानदार ‘हो का’ म्हणतो आणि पिशवी बांधतो. परतीला संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये साडेतीन किलो मिरचीची पिशवी मांडीवर घेऊन काका चौथ्या सीटवर बसतात. बोरिवलीपर्यंत समोरचे तिघं शिंकून उठलेले असतात, आणि वसईला काका खिडकीशी असतात. पस्तीस वर्षांच्या नोकरीत खिडकी मिळाली नव्हती, ती मिरचीने दिली.

काकांना विषय मुळापासून लागतो. अमेरिकेत विल्बर स्कोव्हिल नावाच्या औषधशास्त्रज्ञाने 1912 साली मिरचीचा तिखटपणा मोजायची रीत काढली, हे त्यांनी कुठेतरी वाचलं. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा आणि तिखट लागायचं थांबेपर्यंत पाच जणांनी चाखत राहायचं. काकांनी पडवीत पाच पेले मांडले. पहिल्या संध्याकाळी पाच जण आले. दुसऱ्या संध्याकाळी एकही नाही. पाचांत मी होतो. त्या मिरचीचा आकडा काही निघाला नाही, पण मी पाचही पेल्यांना तिखटच म्हणालो होतो हे काका अजून विसरलेले नाहीत.

इतिहास तर त्यांच्या जिभेवर आहे. “मिरची आपली नव्हेच,” ते बजावतात. “अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी आणली. 1534 च्या तहात त्यांना वसई मिळाली, 1739 साली चिमाजीअप्पांनी त्यांना घालवलं. पण बघा, पोर्तुगीज घालवले आणि मिरची ठेवून घेतली. याला म्हणतात मुत्सद्देगिरी!” जवळच्या सोपाऱ्यात 1882 साली अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला, याचाही त्यांना अभिमान आहे. फक्त त्यात मसाल्याचं प्रमाण दिलेलं नाही, याची हळहळ वाटते. सम्राटाने एवढं दगडावर कोरलं, तर दोन ओळी जास्त कोरल्या असत्या!

काकांच्या शेजारी एक मावशी राहतात. सासर निर्मळचं, माहेर गोराईचं, ईस्ट इंडियन ख्रिस्ती. त्यांच्याकडे होतो तो बाटली मसाला. पश्चिम किनाऱ्यावर राहणारी माणसं ‘ईस्ट’ इंडियन कशी, हे काकांनी त्यांना एकदा विचारलं होतं. “व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीला, 1887 साली, आमच्या लोकांनी असोसिएशन काढली आणि हे नाव घेतलं,” मावशी म्हणाल्या. “दिशा बघत बसलो असतो तर मसाला कोणी केला असता?” त्यांच्या मसाल्यात मिरची-धन्यांबरोबर भाजलेले गहू आणि चणाडाळही पडते, त्याने रश्शाला अंग येतं. काकांच्या मते ही भेसळ आहे. पण मावशी शेजारधर्माने कालवण पाठवतात, तेव्हा वाटी धुऊन परत जाते ती काकांनी पुसून चाटल्यावरच.

या बाटल्यांनीच काकांची एकदा गावभर शोभा केली. मसाल्याला उजेड लागला की मिरचीचा रंग उडतो, म्हणून ईस्ट इंडियन घरांत तो गडद काचेच्या, बहुतेक बिअरच्या बाटल्यांत ठासून भरतात. हे वाचताच काकांना पटलं. काकूंची चिनी मातीची बरणी झाकण उघडताच उजेड घेते, शिवाय तिच्यावर ग्रॅमच्या खुणा नाहीत. काका मावशींकडे गेले आणि डझनभर रिकाम्या बाटल्या मागून घेतल्या. मावशींनी त्या धुऊन, वाळवून दोन पिशव्यांत घालून दिल्या. काका माळकरी. कार्तिकातल्या यात्रेत शंकराचार्यांच्या देवळापाशी भजनाला पुढे उभे असतात. घर शेजारीच, पण काकांना उजेडाचा परिणाम आणखी एकाला सांगायचा होता, म्हणून ते पिशव्या खळखळवत तळ्याच्या बाजूने निघाले. वाटेत होली क्रॉस चर्चमधून मिस्सा आटोपून माणसं बाहेर पडत होती, आणि समोरून भजनी मंडळाचे दोघं येत होते.

“काय काका, सकाळीसकाळी?” एकाने विचारलं.

“मसाल्यासाठी आहेत,” काका म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. “मसाल्याबरोबर तर लागतंच,” दुसरा म्हणाला. तेव्हापासून काकू आपली बरणीच वापरतात, वर हिंगाचे खडे ठेवतात. बाटल्या माळ्यावर आहेत. रिकाम्या.

पण काकांचा खरा शत्रू बरणी नव्हे, डंखवाला. लोखंडी मुसळं एकामागून एक उखळात पडत असतात, हवेत लाल धूळ, बाहेर बाकावर पदर तोंडाला लावून बसलेल्या बायका, आणि त्यांच्यात एकटे काका, करोनात उरलेले दोन मास्क एकावर एक चढवून. जवळ घरचा काटा. मसाला आत जाताना वजन, बाहेर आल्यावर वजन. दरवर्षी शंभर-दीडशे ग्रॅमची तूट. कुटताना ओल उडते, धूळ उडते, थोडं चाळणीला लागतं, हे काकांना कळतं. पण कळणं वेगळं आणि ऑडिट वेगळं. “उखळात राहतं ते कोणाचं?” ते दरसाल विचारतात. “पुढच्याचं,” डंखवाला दरसाल सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात काकांनी ते मिटवायचंच ठरवलं. मी आईचा मसाला घेऊन रांगेत होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. पुढे मावशींचा नंबर, मागे काका, त्यांच्या मागे मी. मावशींचा मसाला निघाला. डंखवाल्याने उखळात कुंचा फिरवल्यासारखं केलं आणि काकांचा माल टाकला. 26 जिन्नस, वहीनुसार 6 किलो 400 ग्रॅम. कुटून, चाळून झालं तसे काका पुढे सरसावले. “उखळ खरवडायचं. मुसळंही झटकायची. माझा एक कण आत राहता कामा नये.” डंखवाल्याने मुकाट्याने सगळं खरवडून दिलं. काकांनी पिशवी काट्यावर ठेवली.

6 किलो 470.

काकांनी काटा उचलून पुन्हा ठेवला. मास्क खाली केला. पुन्हा 6 किलो 470. तूट आली असती तर जाब विचारता आला असता. इथे शिल्लक निघाली होती. ऑडिटच्या माणसाला तुटीपेक्षा शिल्लकीची भीती जास्त. आपला माल त्यांनी कणाकणाने परत घेतला होता, पण आपल्या आधी उखळात कोणाचं होतं हे विचारायचं राहून गेलं होतं.

बाकावरून मावशी हसत म्हणाल्या, “माझे गहू आले बघा तुमच्याकडे. चणाडाळ पण. राहू द्या आता, सोन्यासारखा मसाला आहे.”

आणि तो होताच. त्या वर्षीचं मटण खाऊन काकांनी काही न बोलता तिसरी भाकरी मागितली. पावण्यांनी प्रमाण विचारलं, तेव्हा काकूंनी काकांकडे बोट दाखवलं आणि काका वही शोधायला आत गेले, ते लवकर बाहेर आले नाहीत. पुढे कधीतरी मी ती वही चाळली. 26 जिन्नसांखाली पेन्सिलने, बारीक अक्षरात, सत्ताविसावी ओळ आहे: ‘आधीच्याचा. अंदाजे.’ ‘अंदाजे’ हा शब्द त्या वहीत दुसरीकडे कुठेही नाही.

तेव्हा निर्मळच्या मसाल्याचं खरं प्रमाण ज्यांना हवं असेल त्यांनी काकूंना विचारू नये, काकांनाही नाही. डंखावर जावं. तिथे काका यंदा पहाटे साडेपाचपासून बसले आहेत. पहिला नंबर त्यांचाच होता. पण येईल त्याला ते पुढे सोडतायत. मावशी अजून आलेल्या नाहीत.